आपल्या वतीनं कुणीतरी चाखतंच

सुट्या पानांचे चार-पाच चहा शेजारी शेजारी करायचे, एकामागून एक चाखायचे आणि कोणता कसा लागतो ते ताडून पाहायचं, हे मी गेली बारा वर्षं करतो आहे. तेवढीच वर्षं त्यावरचा आक्षेपही ऐकतो आहे. "चहा तो चहा. त्यात चाखायचं काय एवढं?" असं म्हणणाऱ्यांत माझे जवळचे मित्र आहेत, घरातली वडीलधारी माणसं आहेत, ज्यांच्या शब्दाला मी एरवी मान देतो असे लिहिते-वाचते लोकही आहेत. त्यामुळे हा आक्षेप हसण्यावारी नेणं मला बरं वाटत नाही. त्याला उत्तर द्यायला हवं.

नीट ऐकलं तर या एका वाक्यात पाच निरनिराळे मुद्दे दडलेले आहेत. चहाचं झाड एकच, तेव्हा फरक सगळा वेष्टनाचा आणि जाहिरातीचा, हा पहिला. जिभेला एवढं बारीक कळतच नाही, नाव आणि किंमत माहीत असली की मनच चव तयार करतं, हा दुसरा. फुलांचा वास, द्राक्षांची चव ही सगळी उसनी भाषा, हा तिसरा. आपला चहा दूध-साखर-आल्याचा, हे पानांचं खूळ बाहेरचं, हा चौथा. आणि शेवटचा सर्वांत टोकदार: ही पैसेवाल्यांची चैन आहे, तीही मळ्यातल्या मजुरांच्या घामावर केलेली.

पाचही मुद्द्यांना मी उत्तर देणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट मांडतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे. चहा चाखायचा की नाही, हा प्रश्न मुळात शिल्लकच नाही. तुमच्या कपात येणारा चहा कुणीतरी चाखलेलाच असतो.

डिसेंबर १८६१ मध्ये कोलकात्यात चहाचा जाहीर लिलाव सुरू झाला. आज गुवाहाटी, सिलिगुडी, कुन्नूर, कोची इथेही लिलाव केंद्रं आहेत. लिलावाआधी प्रत्येक लॉटचा नमुना चाखला जातो. लांबलचक टेबलावर चिनी मातीच्या पांढऱ्या झाकणाच्या भांड्यांची रांग असते. प्रत्येक भांड्यात तोलून घातलेला चहा, त्यावर उकळतं पाणी, आणि घड्याळ लावून मोजलेली मिनिटं. मग पाणी वाडग्यात उतरवायचं आणि भिजलेलं पान झाकणावर उलटं पाडायचं. टी-टेस्टर आधी कोरडं पान बघतो, मग भिजलेलं, मग पाण्याचा रंग. त्यानंतर चमच्यानं घोट घेऊन मोठ्यानं भुरका मारतो, घोट तोंडभर फिरवतो आणि थुंकून पुढच्या भांड्याकडे जातो. दिवसाला शेकडो भांडी. या पद्धतीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणही आहे, आयएसओ ३१०३ नावाचं, १९८० मध्ये निघालेलं: १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटं.

या टेबलावर चहाचा भाव ठरतो. तुमच्या नेहमीच्या पुड्यात अनेक मळ्यांचे चहा मिसळलेले असतात. जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये त्या पुड्याची चव सारखी लागावी म्हणून कंपनीचा माणूस रोज चाखत असतो. यात गैर काही नाही, ते त्याचं काम आहे आणि मोठ्या कौशल्याचं काम आहे. पण तो चाखतो ते त्याच्या मालकाच्या हिशोबासाठी: ठरलेली चव कमीत कमी खर्चात कशी राखता येईल ते पाहायला. चहा विकणारे, घेणारे, मिसळणारे सगळे चाखतात. साखळीत न चाखणारा एकच, आणि तो म्हणजे पिणारा. पिणाऱ्यानं चाखू नये असं जेव्हा आपलेच लोक सांगतात, तेव्हा ते नकळत या साखळीतल्या सर्वांत दुबळ्या माणसाला आणखी दुबळं करत असतात. माझा विरोध याला आहे.

आता एकेक मुद्दा घेतो.

झाड एकच आहे, हे खरं. पांढरा, हिरवा, ऊलाँग, काळा हे सगळे चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच जातीच्या झाडाचे. त्याचे मुख्य प्रकार दोन: लहान पानांचा चिनी आणि मोठ्या पानांचा आसामी. हिरवा आणि काळा चहा निरनिराळ्या झाडांचा असतो असं युरोपातले लोक फार काळ समजत होते. रॉबर्ट फॉर्च्यून हा वनस्पती गोळा करणारा माणूस १८४० च्या दशकात चीनमध्ये फिरला आणि दोन्ही चहा एकाच झाडाचे असल्याचं त्यानं पाहून सांगितलं. पण यावरून "सगळे चहा एकच" हा निष्कर्ष निघतो कसा? दूध एकच असतं, म्हणून खवा आणि ताक एकच म्हणायचं का? हाताला काय लागलं याबरोबरच हातानं त्याचं काय केलं, हेही पदार्थात येतंच.

पान तोडल्यावर लगेच तापवलं तर ते हिरवं राहतं. कोमेजू देऊन, वळून, हवेशी काही तास संयोग होऊ दिला तर पानातली तुरट द्रव्यं बदलतात, पान तांबूस होतं आणि काळा चहा मिळतो. हा संयोग अर्ध्यावर थांबवला की ऊलाँग. नुसतं कोमेजवून वाळवलं की पांढरा. पानं वळण्याऐवजी काटेरी रुळांमधून चिरडून, फाडून, गोळी केली की सीटीसी, म्हणजे आपल्या डब्यातली दाणेदार भुकटी. यातला प्रत्येक टप्पा चवीत उतरतो.

टप्पे सोडा, महिनाही उतरतो. दार्जिलिंगमध्ये फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात आलेल्या पहिल्या कोवळ्या फुटीचा चहा फिकट सोनेरी, हिरवट सुगंधाचा आणि जिभेच्या कडांना हलकी तुरट चिमटी घेणारा असतो. त्याच मळ्यातला, त्याच झाडाचा मे-जूनमधला दुसऱ्या फुटीचा चहा तांबूस होतो आणि त्यात पिकल्या द्राक्षासारखी चव उतरते. या चवीमागे तुडतुडे आणि फुलकिडे आहेत. कापूस पिकवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ही नावं नवी नाहीत. हे किडे कोवळ्या फुटीतला रस शोषतात, झाड बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि तीच पुढे कपात दरवळतात. तैवानमधला 'डोंगफांग मेइरन' नावाचा ऊलाँगही असाच किडीच्या दंशातून घडतो. किडीचा, उन्हाचा आणि मजुराच्या हाताचा एवढा इतिहास एका घोटात येत असताना "फरक वेष्टनाचा" असं म्हणणं म्हणजे समोरचं पान न बघताच दिलेला निवाडा आहे.

दुसरा मुद्दा जिभेचा. किंमत आणि नाव माहीत असेल तर मन फसतं, हे मला शंभर टक्के मान्य आहे. मीही फसलो आहे. महाग म्हणून घेतलेला चहा महिनाभर कौतुकानं प्यायलो आणि नाव झाकून चाखला तेव्हा त्यात काहीच सापडलं नाही. पण मन फसतं यावरून जीभ आंधळी ठरत नाही. नाव झाकून चाखायला हवं, एवढंच ठरतं.

झाकून चाखण्याची सर्वांत गाजलेली कसोटी झाली तीच मुळी चहाच्या कपावर. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोदॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल नावाच्या संशोधक होत्या. कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे आपल्याला चवीवरून कळतं, असं त्या म्हणाल्या. तिथे काम करणारे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांना ते पटलं नाही. मग त्यांनी कसोटी आखली. आठ कप, चार एका रीतीचे, चार दुसऱ्या, क्रम सरमिसळ. नुसत्या अंदाजानं आठही बरोबर ओळखण्याची शक्यता सत्तरात एक. बाईंनी सगळे कप बरोबर ओळखले, असं पुढे सांगितलं गेलं. १९३५ मध्ये फिशर यांनी प्रयोगांच्या आखणीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात हाच आठ कपांचा दाखला घेऊन सगळी पद्धत उलगडली. औषधापासून बियाण्यापर्यंत आज ज्या रीतीनं कसोट्या घेतल्या जातात, तिच्या जडणघडणीत या चहाचाही वाटा आहे. तेव्हा शास्त्राचं नाव घेऊन चव चाखण्याला खोटं ठरवणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की शास्त्रानं या प्रश्नाची खिल्ली उडवली नव्हती, त्याची परीक्षा घेतली होती.

तशी परीक्षा मी माझ्या मामांची घेतली. मामा एसटीत वाहक होते. एकतीस वर्षं सोलापूर-बार्शी-टेंभुर्णी भागातल्या स्टँडांवर त्यांनी चहा घेतला. "अरे, अर्धी नोकरी चहावर काढली मी. मला कसला चहा शिकवतोस? सगळा सारखाच," हे त्यांचंच म्हणणं. एका रविवारी मी दोन चहा केले, एक आसामचा आणि एक निलगिरीचा. दोन्ही वळलेल्या पानांचे, दोन्ही बिनदुधाचे. तीन सारख्या वाट्या घेतल्या, दोहोंत एक चहा, तिसरीत दुसरा. रंगावरून कळू नये म्हणून मामांच्या डोळ्यांवर पंचा बांधला. वेगळी वाटी कोणती, एवढंच त्यांनी सांगायचं. अशा सहा फेऱ्या झाल्या. पाच फेऱ्यांत त्यांनी नेमकं बोट ठेवलं. नुसत्या अंदाजानं सहापैकी पाच किंवा सहा बरोबर येण्याची शक्यता ७२९ मध्ये १३, म्हणजे साधारण छप्पन्नात एक. एका माणसाच्या सहा फेऱ्यांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मी जाणतो. पण पंचा सोडल्यावर मामा जे बोलले ते मला आकड्यांपेक्षा मोलाचं वाटतं. "हा घशाला जरा धरतो," ते म्हणाले, "आणि तो नुसता सुळकन जातो, पण मागं वास ठेवून जातो." आसाम आणि निलगिरी यांतला फरक याहून नेमका मला कधी सांगता आला नव्हता.

इथेच तिसरा मुद्दा येतो, भाषेचा. चवीचं वर्णन करणं ही आपल्याकडे बाहेरून आलेली हौस आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्याच ताटाकडे पाहावं. ज्या तांदळाच्या भाताला आंब्याच्या मोहोराचा वास येतो, त्याला आपल्या लोकांनी आंबेमोहोर म्हटलं. हे नाव कुणा जाहिरातवाल्यानं दिलेलं नाही. शेतात राबणाऱ्या आणि चुलीवर भात शिजवणाऱ्या माणसांनी एका वासात दुसरा वास ओळखला आणि तो पिकाच्या नावात कायमचा बांधून ठेवला. मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी आणि हायब्रीड ज्वारीची भाकरी यांतला फरक सोलापूरकडच्या कुणालाही विचारा. खमंग, करपट, खवट, कुबट, हिरवट, आंबूस, उग्र, मवाळ असे वासाचे आणि चवीचे शब्द आपल्याला कुणी उसने दिलेले नाहीत.

आणि चहाच्या बाबतीत तर आपली भाषा एक पाऊल पुढेच आहे. आपल्या षड्रसांत तुरट हा स्वतंत्र रस मानलेला आहे. पाश्चात्त्य शास्त्रात गोड, आंबट, खारट, कडू आणि पुढे उमामी या मूळ चवी मानल्या गेल्या, तुरटपणाला त्यांत जागा मिळाली नाही. चहाचा मूळ स्वभाव तर तुरटच. हिरवी सुपारी, जांभूळ, आवळा, कच्चं केळं, डाळिंबाची साल या प्रत्येकाचा तुरटपणा वेगळा असतो हे ज्या जिभेला लहानपणापासून ठाऊक आहे, तिला चहाचा तुरटपणा तोलायला दुसऱ्या कुणाची भाषा कशाला लागेल?

फुलांच्या वासाबद्दलही सांगतो, कारण त्यावरून सर्वांत जास्त थट्टा होते. चहाच्या पानात लिनालूल आणि जेरॅनिऑल ही सुगंधी द्रव्यं असतात. लिनालूल हे धण्याच्या तेलातलं मुख्य द्रव्य, जेरॅनिऑल गुलाबात सापडतं. तेव्हा एखाद्याला दार्जिलिंगच्या कपात गुलाब जाणवला तर तो कल्पनेत रमलेला नसतो, तिथे खरोखर असलेली वस्तू त्याला सापडलेली असते. उलट "फक्कड", "एक नंबर" याच दोन शब्दांवर सगळे चहा निभावून नेणारे आपण आपल्याच भाषेला उपाशी ठेवत आहोत.

चौथा मुद्दा 'आपल्या' चहाचा. इथे मला दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे. दूध घातलं की तो चहाच नव्हे, असं म्हणणारा एक वर्ग आहे. त्यांच्या तुसडेपणामुळे साध्या माणसाला चाखण्याची भीती वाटते आणि माझं काम अवघड होतं. सीटीसी चहा दुधासाठी उत्तम आहे. दाणा लहान, त्यामुळे रंग लवकर उतरतो, दम भरपूर असतो, आणि दुधातली प्रथिनं त्याची तुरट धार बोथट करतात. त्याला आलं-वेलदोडा पेलतो. असा चहा दुधाविना पिणं जसं त्याच्यावर अन्याय करणं, तसंच पहिल्या फुटीचा दार्जिलिंग दुधात उकळणंही. मघाशी सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय प्रमाणातही दूध घालून चाखण्याची तरतूद आहे. कोणत्या चहाला दूध हवं आणि कोणत्याला नको, हे चाखूनच कळतं.

पण दुधाचा दाणेदार चहा म्हणजेच आपली परंपरा आणि बाकी सगळं परकं, हे म्हणणंही टिकत नाही. सीटीसीचं यंत्र विल्यम मॅकर्चर यांनी आसामातल्या आमगुरी मळ्यात १९३० मध्ये बनवलं आणि ते देशभर पसरलं स्वातंत्र्यानंतर. म्हणजे ज्याला आपण पिढीजात म्हणतो त्या भुकटीला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. चहा पिण्याची सवयसुद्धा प्रचारानं लावलेली आहे. १९०३ मध्ये चहावर उपकर बसला, त्या पैशातून पुढे गावोगाव, गिरण्यांत आणि रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करायचा ते दाखवलं गेलं, फुकट पाजलं गेलं. लोकांनी तो घेतला आणि आपल्या रीतीनं उकळून आपलासा केला. पुण्याची अमृततुल्य दुकानं उभी केली ती राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी. परंपरा अशीच घडते: कुणीतरी नवं काही चाखतं, म्हणून. दुसऱ्या टोकाला, आसाम-अरुणाचलातले सिंगफो लोक इंग्रज यायच्या आधीपासून रानातल्या चहाची पानं भाजून, बांबूच्या नळीत ठासून, चुलीच्या धुरावर ठेवत आले आहेत. पानांचा चहा बिनदुधाचा पिणं परकं असेल, तर सिंगफोंना कोणत्या देशाचे म्हणायचं?

आणि बशी कशी विसरता येईल? आपल्या आजोबांची पिढी चहा बशीत ओतून मोठ्यानं भुरका मारायची. शाळेत आम्हाला ते गावंढळ म्हणून सोडायला लावलं. कोलकात्याचा टी-टेस्टर नेमकं तेच करतो आणि त्यालाच त्याचा पगार मिळतो. भुरक्याबरोबर हवा आत जाते, चहाचे बारीक तुषार टाळूभर उडतात आणि वास घशाच्या मागून नाकात चढतो. चवीतला बराच भाग अशा वासाचाच असतो. बशीत चहा पसरला की निवतोही लवकर, आणि बेताच्या गरम चहात चव जास्त उघडते. जी रीत आपल्या घरात होती आणि लाजेपोटी आपण टाकली, ती परत उचलणं याला मी परकेपणा मानत नाही.

आता पाचवा मुद्दा. आधी पैशाचं बोलू. एका कपाला अडीच ग्रॅम चहा पुरतो. किलोला २००० रुपये भाव धरला, तर १०० ग्रॅमची पुडी २०० रुपयांची आणि तिच्यातून चाळीस कप निघतात. म्हणजे कप पाच रुपयांचा, दूध-साखर नाही, गॅसवर उकळत ठेवणं नाही, आणि चांगल्या पानावर दुसऱ्यांदाही पाणी घालता येतं. चौघांनी चार निरनिराळे चहा शंभर-शंभर ग्रॅम आणून आपसांत वाटून घेतले, तर प्रत्येकाकडे चारही चहांचे दहा-दहा कप येतात. ज्या गल्लीत भिशी चालते त्या गल्लीत हे जमू नये असं काय आहे? लाखाच्या भावाचे चहा जगात आहेत आणि त्यांचा तमाशाही होतो. पण हिऱ्याच्या बांगड्या मिळतात म्हणून काचेच्या बांगड्या पारखून घेण्याला कुणी चैन म्हणत नाही.

मजुरांचा मुद्दा मात्र एवढ्यावर संपत नाही. तो गंभीर आहे, आणि तो मांडणाऱ्यांची तळमळ मला खरी वाटते. एक किलो चहा करायला साधारण साडेचार किलो हिरवं पान लागतं. दोन पानं आणि एक कळी अशा बेतानं ते खुडणाऱ्या मुख्यतः बायका आहेत. आसामातल्या अनेकींचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात छोटा नागपूर आणि आसपासच्या आदिवासी भागांतून करारानं बांधून आणले गेले. त्या राज्यातल्या ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात मळ्याची दिवसाची मजुरी २०२३ मध्ये वाढून २५० रुपये झाली. वाढून. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून चहा प्यावा, असंच मीही म्हणतो.

पण मग विचारा, या मजुरीला खाली दाबून ठेवणारी विचारसरणी कोणती? "चहा तो चहा" हीच. भारतात वर्षाला साधारण १३० ते १४० कोटी किलो चहा होतो आणि त्यातला सुमारे ऐंशी टक्के आपणच पितो. म्हणजे या धंद्याचा खरा मालक आपला कप आहे. त्या कपाला रंग आणि कडकपणा याखेरीज काही ओळखता येत नसेल, तर मळेवाल्यानं दोन पानं आणि कळी जपून का खुडावी? चार जून पानं ओरबाडली, तरी भुकटीत ती दिसणार नाहीत. काळजीनं केलेल्या कामाला वेगळा भाव नाही, म्हणजे ते काम करणाऱ्या हातांजवळ भाव मागायला काही उरलं नाही. महाग चहा घेतला की पैसा आपोआप मजुरापर्यंत पोचतो असा दावा मी करत नाही. तो पोचत नाही, त्यासाठी कायदा, संघटना आणि लढा लागतो. पण ज्या मालाची चव कुणीच ओळखत नाही, त्या मालाच्या कारागिराची बाजू मांडायला साक्षीदारच मिळत नाही.

फसवणुकीचंही तेच. दार्जिलिंग चहाला २००४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, देशातलं पहिलं. हे नाव लावायचा हक्क ठरावीक ८७ मळ्यांनाच. एके काळी तिथे वर्षाला एक कोटी किलोहून अधिक चहा व्हायचा, आता तो साठेक लाख किलोच्या आसपास आला आहे. जुनी झालेली झुडपं, बदललेलं पाऊसमान, कामगारांची टंचाई अशी त्याची कारणं आहेत. माल घटला तरी बाजारात दार्जिलिंग नावाच्या पुड्या घटलेल्या दिसत नाहीत. शेजारच्या नेपाळातला चहा या नावानं खपवला जातो ही मळेवाल्यांची जुनी तक्रार आहे. नेपाळच्या इलामचा चहा स्वतःच्या नावावर उभा राहावा इतका चांगला आहे. दुसऱ्याचं नाव लावून विकल्यानं दोन्हीकडच्या कष्टकऱ्यांचं नुकसान होतं. सरकारी शिक्का हवाच. पण शिक्का पुड्यावर असतो, आणि आतला चहा ओळखायचं काम शेवटी पिणाऱ्यावरच येतं.

सुट्या पानाचा मोठा फायदा इथेच आहे. भुकटीत काय मिसळलं आहे ते डोळ्यांना दिसत नाही. पान मात्र गरम पाण्यात उलगडतं आणि आपली सगळी हकिगत सांगतं: कोवळं की जून, अख्खं की फाटकं, एकाच रंगाचं की सरमिसळ. रंग चढवलेल्या चहाची शंका आली तर टिपकागदावर चिमूटभर चहा पसरून पाणी शिंपडावं आणि कागद धुऊन उजेडात धरावा. डाग दिसले तर तो चहा टाकून द्यावा. चांगला आसाम निवल्यावर गढूळ होतो, त्याला मात्र घाबरू नये. त्यातली तुरट द्रव्यं आणि कॅफीन थंडाव्यात एकत्र येतात म्हणून तसं होतं, आणि ते दमदार चहाचं लक्षण आहे. या गोष्टी जाणून घेणं म्हणजे चैन नव्हे, बाजारात शहाणपणानं वावरणं आहे.

तेव्हा आक्षेप घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की आधी एकदा करून बघा. दोन चहा घ्या. पाणी एकाच भांड्यातलं, चहा तोलून, मिनिटं मोजून, तीन सारख्या वाट्या, डोळ्यांवर पंचा. सहा फेऱ्या करा. काहीच ओळखता आलं नाही, तर तुमच्यापुरता तुमचा आक्षेप खरा आणि तुमचे पैसे वाचले. ओळखता आलं, तर मात्र "चहा तो चहा" हे वाक्य तुम्हाला प्रामाणिकपणे पुन्हा म्हणता येणार नाही.

मामा आता ते म्हणत नाहीत. सकाळचा त्यांचा चहा अजून दुधाचाच असतो, आलं ठेचून घातलेला, आणि तो तसाच राहावा. पण मागच्या पावसाळ्यात ते माझ्याबरोबर पेठेतल्या चहाच्या दुकानात आले. दुकानदारानं दार्जिलिंगचा डबा उघडला. मामांनी चिमूटभर पान तळहातावर घेतलं, दुसऱ्या हातानं झाकून उबवलं, वास घेतला आणि विचारलं, "हा कुठल्या महिन्यातला हो?" दुकानदार थबकला. आजवर त्याला भाव सगळ्यांनी विचारला होता, महिना कुणी विचारला नव्हता. तो आत जाऊन खोक्यावरचं वाचून आला. "जून."

"मग तुडतुड्यांनी चाखून सोडलेला असणार," मामा म्हणाले. "द्या शंभर ग्रॅम."

दिवाळीच्या सुमारास मी पुन्हा त्या दुकानात गेलो, तेव्हा प्रत्येक डब्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर भावाच्या वर महिना लिहिला होता.